पिकते वऱ्हाडात, मोजतात माटुंग्यात

७ ऑक्टोबर हा जागतिक कापूस दिन. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या आफ्रिकेतल्या चार कापूसउत्पादक देशांच्या पुढाकाराने २०१९ मध्ये जिनिव्हात, जागतिक व्यापार संघटनेच्या व्यासपीठावर, तो पहिल्यांदा साजरा झाला. पुढे संयुक्त राष्ट्रांनीही त्यावर शिक्कामोर्तब केले. श्रीमंत देश आपल्या शेतकऱ्यांना भरघोस अनुदाने देतात आणि त्यापायी आमच्या शेतकऱ्याचा भाव कोसळतो, हे या चौघांचे जुने गाऱ्हाणे. अशा गाऱ्हाण्यातून जन्मलेला दिवस हारतुऱ्यांपेक्षा हिशेबाने साजरा व्हावा, हे बरे.

तो हिशेब मुंबईतही मागायला हवा. १९८२ च्या गिरणी संपानंतर लालबाग-परळचे भोंगे एकेक करून मुके झाले, धुराड्यांच्या जागी टॉवर उभे राहिले. पण कापसाचा कारभार काही या शहरातून हललेला नाही. कॉटन ग्रीन स्थानकासमोर कॉटन एक्स्चेंजची इमारत आहे आणि तिथून कॉटन असोसिएशन ऑफ इंडिया दर हंगामात देशाच्या पिकाचा अंदाज बांधते. गिरगावात ऑपेरा हाऊसपाशी, मॅथ्यू रोडवर, सुती कापडाच्या निर्यातदारांची परिषद, म्हणजे टेक्स्प्रोसिल, बसते. कृषी खात्याची धोरणे मंत्रालयात ठरतात. आणि दादर टीटीवरून पाच उद्यानांच्या दिशेने थोडे चालत गेले की माटुंग्याच्या अडेनवाला मार्गावर एक संस्था लागते. तिच्यासमोरून रोज ये-जा करणाऱ्या हजारो मुंबईकरांना तिचे नावही ठाऊक नसते. केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था, उर्फ सिरकॉट. २०२४ मध्ये तिने शंभरी पार केली.

शेतीसाठी विदा, म्हणजे डेटा, गोळा करायची, ती सरकार, विद्यापीठे आणि उद्योग यांनी मिळून वापरायची आणि त्यातून शेती टिकाऊ करायची, ही कल्पना हल्ली अगदी नवी कोरी म्हणून मांडली जाते. राज्य मंत्रिमंडळाने २०२५ च्या जूनमध्ये ‘महाॲग्री-एआय’ धोरण मंजूर केले, सुरुवातीला ५०० कोटी रुपयांची तरतूद जाहीर केली, तेव्हापासून तर व्याख्यानांना ऊत आला आहे. पण अशा भागीदारीचा पहिला मोठा प्रयोग माटुंग्यात १९२४ मध्येच सुरू झाला होता. तो कुठे जमला आणि कुठे फसला, हे पाहिल्याशिवाय नव्या प्रयोगाला शुभेच्छा देणे भाबडेपणाचे ठरेल.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस सरकारने कापसाची पाहणी करायला एक समिती नेमली. हिंदुस्थानात कापूस उदंड पिकतो, पण त्यातला बराचसा आखूड धाग्याचा आणि भेसळीचा, ही तेव्हाची रड होती. त्या समितीच्या शिफारशीवरून १९२१ मध्ये इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी स्थापन झाली, तीही मुंबईत. सरकारी शेतीतज्ज्ञ, गिरणीमालक, व्यापारी आणि शेतकऱ्यांचे प्रतिनिधी एका मेजाभोवती बसू लागले. खर्चासाठी कोणापुढे हात पसरायला नको म्हणून १९२३ च्या कायद्याने प्रत्येक गाठीवर काही आण्यांचा उपकर बसवण्यात आला. वरवर पाहता तो गिरण्यांकडून आणि निर्यातदारांकडून वसूल होई. पण असा बोजा शेवटी भावातून शेतावरच उतरतो, हे सांगायला अर्थशास्त्री लागत नाही.

त्या पैशातून माटुंग्याची ‘टेक्नॉलॉजिकल लॅबोरेटरी’ उभी राहिली. देशभरच्या शेती खात्यांनी निवडलेल्या वाणांची रुई इथे यायची. तिच्या धाग्याची लांबी, बारीकपणा, ताकद मोजली जायची. मग तिचे प्रत्यक्ष सूत काढून पाहिले जायचे. निष्कर्ष कपाटात राहत नसत. प्रमाणित वाणांचे आणि बाजारात चालणाऱ्या जातींचे तांत्रिक अहवाल छापून प्रसिद्ध होत, कोणालाही वाचायला मिळत. आजच्या भाषेत बोलायचे तर तो सार्वजनिक पैशातून उभा राहिलेला खुला विदासाठा होता. गावोगावच्या संशोधकाला आपला वाण गिरणीत कसा उतरेल हे पेरणी वाढवण्याआधीच कळू लागले. पुढची कित्येक दशके वाणांची निवड या मोजमापावर झाली. आजही अखिल भारतीय कापूस संशोधन प्रकल्पातल्या नव्या वाणांच्या धाग्याची परीक्षा ही संस्था करते.

याच उपकराच्या पैशाचे आणखी एक अपत्य आहे. त्याच १९२४ मध्ये इंदूरला ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ सुरू झाली आणि अल्बर्ट हॉवर्ड तिचे संचालक झाले. कापसाच्या संशोधनासाठी नेमलेल्या या गृहस्थाने शेतकऱ्याच्या उकिरड्याकडे शास्त्रज्ञाच्या नजरेने पाहिले. कापसाच्या पऱ्हाट्या कडक असतात, लवकर कुजत नाहीत. म्हणून त्या शेतरस्त्यावर अंथरायच्या, बैलगाड्यांच्या चाकांखाली चुरडू द्यायच्या आणि मग शेण-काडीकचऱ्याबरोबर थरावर थर रचून त्यांचे खत करायचे. जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून गाजलेले कंपोस्ट ते हेच. आज सेंद्रिय शेतीचे जे वारे युरोप-अमेरिकेतून उलटे आपल्याकडे येते, त्याच्या एका मुळाशी कापसाच्या गाठीवरचे आणे आहेत. सार्वजनिक पैसा, स्वतंत्र संशोधक आणि सर्वांना खुले निष्कर्ष, हे तीन धागे एकत्र आले की काय घडते याचा हा पुरावा.

मग फसले कुठे? हे समजून घ्यायला मोजणी कशी होते ते पाहावे लागेल. रुईचा नमुना आला की तो लगेच यंत्रावर चढवत नाहीत. ठरावीक तापमानाच्या आणि ६५ टक्के आर्द्रतेच्या खोलीत तो आधी मुरू देतात. मुंबईची हवा पावसाळ्यात ओलीचिंब, थंडीत कोरडी. धागा हवेतले पाणी पितो आणि त्याची ताकद बदलते. हवा एकसारखी केल्याशिवाय अकोल्याच्या रुईची तुलना आदिलाबादच्या रुईशी होऊच शकत नाही. पूर्वी मखमली पट्ट्यावर कंगव्यांनी तंतू ओढून, लांबीप्रमाणे लावून, तासन्‌तास खपून जे कळायचे, ते आता ‘एचव्हीआय’ यंत्र पाहता पाहता सांगते: लांबी किती मिलिमीटर, मायक्रोनेअर, म्हणजे बारीकपणा, किती, ताकद किती, रंग कसा, कचरा किती.

एवढी नेमकी मोजणी होते ती रुईची. आपला शेतकरी मात्र विकतो कापूस, सरकीसकट. सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंगच्या दारात काटा झाला, पट्टी हातात पडली की त्याचा संबंध संपतो. धाग्याची खरी परीक्षा त्यानंतर होते. रुईची गाठ बांधली जाते, नमुना काढला जातो, आकडे येतात आणि ते व्यापारी, गिरणीवाला, निर्यातदार यांच्यात फिरतात. रक्त आपले, अहवाल मात्र शेजाऱ्याच्या घरी, असा हा प्रकार आहे.

बाजार समितीच्या आवारात हे अधिक स्पष्ट दिसते. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने मध्यम धाग्याच्या कापसाला क्विंटलला ७,७१० आणि लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये हमीभाव ठरवला. हा ४०० रुपयांचा फरक धाग्याची लांबी आणि मायक्रोनेअर यांवर बेतलेला आहे. पण केंद्रावर ते ठरवणार कोण? ग्रेडर ढिगात हात घालतो, चिमटीभर कापूस घेऊन सरकीपासून रुई सोडवतो, दोन्ही हातांच्या अंगठा-तर्जनीत धरून ओढतो आणि नजरेने लांबी जोखतो. जुन्या ग्रेडरची बोटे कमालीची तयार असतात, हे खरेच. परंतु शेतकऱ्याने ‘कशावरून?’ विचारले तर दाखवायला त्याच्याकडे काही नसते. वजनकाट्याखेरीज आकडा दाखवणारे एकच साधन तिथे असते, ओलावा मोजण्याचे. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, बारापर्यंत कपात, त्यापुढे गाडी परत. म्हणजे कापण्यासाठी मोजमाप आहे, वाढवून देण्यासाठी नाही. शंभर किलो कापसातून रुई किती निघते, तो उतारा तर शेतकऱ्याच्या हिशेबात येतच नाही. साधारण ३३-३४ किलो धरले जातात. एखाद्याच्या वाणाचा उतारा ३८ असला तरी वरचे चार किलो कोणाच्या पदरात पडतात, हे सांगायला नको.

अमेरिकेत चित्र वेगळे आहे. तिथला शेतकरी जिनिंग करून गाठी विकतो आणि १९९१ पासून तिथल्या कृषी खात्याकडून जवळजवळ प्रत्येक गाठीचे यंत्रावर वर्गीकरण होते. गाठीच्या क्रमांकासह निकाल उत्पादकाला मिळतो. कोणत्या शेतातला, कोणत्या वाणाचा माल कसा उतरला, हे कळल्यावर तो पुढच्या वर्षी काय पेरायचे ते ठरवतो. टिकाऊ शेतीची सुरुवात इथून होते. धाग्याचा भाव हाती आला तर शेतकरी एका शिवारात पाच-सात वाण मिसळणार नाही, वेचणी स्वच्छ करील, आणि चार पैशांसाठी हंगामानंतरही पीक उभे ठेवून, म्हणजे फरदड घेऊन, बोंडअळीला पुढच्या हंगामाचे आमंत्रण देणार नाही. उपदेशाने जे साधत नाही, ते हातातल्या पावतीने साधते.

विदेचा उपयोग होतच नाही असे मात्र नाही, आणि याचेही उत्तम उदाहरण महाराष्ट्राचेच आहे. २००८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनवर अळीने धुमाकूळ घातला. त्यातून धडा घेऊन पुढच्याच वर्षी राज्याच्या कृषी खात्याने कृषी विद्यापीठे आणि केंद्रीय संशोधन संस्थांना बरोबर घेऊन ‘क्रॉपसॅप’ सुरू केला. कीड-रोगांचे सर्वेक्षण करून सल्ला देणारा हा प्रकल्प. कीड सर्वेक्षक ठरलेल्या शेतांत जातात, झाडे मोजून पाहतात, नोंदी संगणकावर चढतात, शास्त्रज्ञ त्या वाचतात आणि तालुक्या-तालुक्याला सल्ला जातो. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था कापसासाठी या साखळीत आहे.

याचे मोल शेतात उभे राहिल्यावर कळते. गुलाबी बोंडअळीसाठी पऱ्हाटीच्या उंचीवर कामगंध सापळा टांगतात. आत मादीच्या गंधाची गोळी असते, त्या वासाने नर पतंग येतात आणि खालच्या प्लास्टिकच्या पिशवीत अडकतात. रोज सकाळी पिशवी उघडायची, पतंग मोजायचे. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले तर समजायचे, वेळ आली. फुलांच्या पाकळ्या गुलाबासारख्या चिकटून डोमकळी झालेली दिसली, किंवा वीस हिरवी बोंडे फोडून दोनांत अळी सापडली, तरी तोच इशारा. त्याआधी फवारणी म्हणजे पैसा पाण्यात आणि विष श्वासात. २०१७ मध्ये बोंडअळीच्या धास्तीने झालेल्या बेसुमार फवारणीत एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर विषबाधेने दगावले, शेकडो रुग्णालयात गेले. ‘आज फवारू नका’ हे वेळेवर सांगणारा एक आकडा किती मोलाचा असतो, हे त्या वर्षी कळून चुकले. आता त्याच सापळ्याचे छायाचित्र काढले की पतंग मोजून सल्ला देणारी ॲप आली आहेत. चांगलेच आहे. फक्त पिशवी रोज सकाळी कोणीतरी उघडावी लागते, हे ॲप बनवणाऱ्यांनी आणि निधी देणाऱ्यांनी विसरू नये.

दुर्दैवाने विसर पडतो तो नेमका इथे. हवामानाचेच पाहा. कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची. हवामानाच्या नोंदींची इतकी जुनी परंपरा असलेले हे शहर. हवामान खाते, कृषी संशोधन परिषद आणि विद्यापीठे मिळून दर मंगळवारी आणि शुक्रवारी शेतकऱ्यांसाठी सल्ला काढतात, तीही याच जातीची सार्वजनिक भागीदारी. तो सल्ला तालुक्याच्या भाषेत आणि मातीत उतरवण्यासाठी देशभरच्या कृषी विज्ञान केंद्रांत १९९ जिल्हा कृषी हवामान कक्ष उभारले गेले होते. २०२४ च्या मार्चमध्ये ते बंद करण्यात आले. यंत्रणा स्वयंचलित झाली, आता माणसांची गरज उरली नाही, असा विचार त्यामागे होता. २०२५ च्या सप्टेंबरअखेरच्या अतिवृष्टीत मराठवाड्याची शिवारे पाण्याखाली गेली. पऱ्हाटीवर बोंडे सडत असताना शेतकऱ्याला हवा असतो तो मोबाइलवरचा ढगाचा नकाशा नव्हे. पाणी कधी ओसरेल, वेचणी कधी करू, भिजलेला कापूस वेगळा कसा ठेवू, याचे उत्तर देणारा ओळखीचा माणूस त्याला हवा असतो.

गेल्या काही वर्षांत राज्याने विदेचे मोठे जाळे विणले आहे, हे मान्य केले पाहिजे. १५ ऑगस्ट २०२१ पासून टाटा ट्रस्टच्या साहाय्याने ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि तलाठ्याच्या हातची नोंद शेतकऱ्याच्या मोबाइलवर आली. हवामान-अनुकूल शेतीच्या ‘पोकरा’ प्रकल्पात पवईच्या आयआयटीने गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडायची रीत घडवली: पाऊस किती पडला, वाहून किती गेला, मातीत किती मुरला, पिकाला किती लागणार. कोरडवाहू कापसाच्या गावाला शेततळे कुठे आणि किती, हे असे ताळेबंद पाहून ठरवता येते. ॲग्रिस्टॅक या सरकारी विदासाठ्यातला शेतकरी क्रमांक आता योजनांसाठी बंधनकारक झाला आहे. २०२५-२६ च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीसाठी ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी करावी लागली. ऑपेरा हाऊसच्या टेक्स्प्रोसिलने महामंडळाबरोबर ‘कस्तुरी’ नाममुद्रा आणली. गाठीवरचा क्यूआर कोड स्कॅन केला की परदेशातल्या ग्राहकाला त्या रुईची कुळकथा वाचता येईल.

या सर्व ठिकाणी शेतकरी माहिती देणारा आहे. माहिती मिळवणारा तो किती ठिकाणी आहे, हा आमचा प्रश्न आहे. ‘कस्तुरी’ची कुळकथा जिनिंगच्या गाठीपासून सुरू होते, ज्या शिवारात ती रुई पिकली त्या शेतकऱ्यापर्यंत ती उलट्या पावली जात नाही. सातबाऱ्याला जोडलेल्या क्रमांकात बटईने, मक्त्याने कसणारा बसत नाही. जमीन नावावर नसलेली पण लावणीपासून वेचणीपर्यंत राबणारी बाई तर कुठल्याच रकान्यात नाही. फवारणीचे विष ज्याच्या नाकातोंडात जाते तो मजूरही त्या विदेत नाही. अशी अर्धी विदा यंत्राला शिकवली तर यंत्राचा सल्लाही अर्ध्यांपुरताच राहणार. आणि ही माहिती खासगी कंपन्यांच्या हाती कोणत्या अटींवर जाते, हे शेतकऱ्याला समजेल अशा मराठीत कुठे लिहिलेले आढळत नाही. वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. पण ‘मी सहमत आहे’ या चौकटीवर बोट ठेवल्याशिवाय अर्जच पुढे सरकत नसेल, तर त्या सहमतीला अर्थ काय?

म्हणून कापूस दिनाच्या निमित्ताने तीन मागण्या. पहिली, शेतकऱ्याच्या मालाचे मोजमाप आधी शेतकऱ्याला मिळावे. खरेदी केंद्रावरच्या पावतीवर वजन आणि ओलाव्याबरोबर लांबी, मायक्रोनेअर आणि उतारा यायला हवा. रोज प्रत्येक गाडीचा नमुना तपासणे आजच शक्य नसेल, तर गाववार आणि वाणवार नमुने घेऊन त्यांचे निकाल केंद्राच्या फळ्यावर लावावेत. हे अशक्य नाही. राज्याच्या ‘स्मार्ट’ प्रकल्पात ‘एक गाव, एक वाण’ म्हणत शेतकरी गटांनी स्वतः जिनिंग करून गाठी बांधल्या, ‘महाकॉट’ या नावाने रुई ई-लिलावात विकली. कापूस विकणारा शेतकरी तिथे रुई विकणारा झाला आणि मोजमाप त्याच्या हाती आले. हा प्रयोग कौतुकाच्या बातमीत न ठेवता कापसाच्या प्रत्येक तालुक्यात न्यावा.

दुसरी, सार्वजनिक पैशातून जमलेली विदा सार्वजनिक राहावी. व्यक्तीचे नाव-गाव गाळून गावपातळीवरचे आकडे विद्यापीठांना, पत्रकारांना, शेतकरी संघटनांना आणि ग्रामसभेला खुले असावेत. पिकाच्या अंदाजाचे एकच उदाहरण पुरे. कॉटन ग्रीनचा व्यापाऱ्यांचा अंदाज आणि सरकारी समितीचा अंदाज यांत फरक पडतो. त्या फरकावर बाजार वर-खाली होतो आणि त्याची झळ शेतकऱ्याला बसते. ई-पीक पाहणीचे तालुकानिहाय आकडे वेळेवर उघड झाले, तर कोणाचा अंदाज किती खरा हे यवतमाळच्या शेतकऱ्यालाही ताडून पाहता येईल.

तिसरी, ‘महाॲग्री-एआय’च्या ५०० कोटींतला ठसठशीत वाटा माणसांवर खर्च व्हावा. कीड सर्वेक्षक, कृषी सहायक, हवामान सल्लागार, नमुने काढणारे तंत्रज्ञ. यंत्र शिकते ते यांच्या नोंदींतून. त्यांचे मानधन थकले, पदे रिकामी राहिली की आकडे घरी बसून भरले जातात आणि खोट्या आकड्यांवर शिकलेले यंत्र आत्मविश्वासाने खोटे सांगते.

महाराष्ट्रात सुमारे ४० लाख हेक्टरांवर कापूस उभा असतो, देशात सर्वाधिक. त्यातला बहुतेक पावसाच्या भरवशावर. देशाची हेक्टरी उत्पादकता साडेचारशे किलो रुईच्या आसपास घुटमळते, जगाची सरासरी तिच्या पावणेदोन पटीच्या घरात. ही दरी एकट्या विदेने भरणार नाही. पाणी, बियाणे, पतपुरवठा, भाव यांची लढाई वेगळी लढावीच लागेल. पण त्या लढाईत उतरणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती स्वतःचे आकडे असणे आणि नसणे यात मोठे अंतर आहे. गाठीवरच्या उपकराने माटुंग्याची प्रयोगशाळा चालली, तेव्हा तिचे छापील अहवाल वाचायला इंग्रजी येणारे आणि गिरणीशी नाते असणारे मूठभर लोक होते. आज मोबाइल खेड्यापाड्यांत पोहोचला आहे, तेव्हा ती सबबही उरलेली नाही. पुढच्या ७ ऑक्टोबरला मंत्रालयाने किती ॲप आणली ते सांगू नये. लांबी, मायक्रोनेअर आणि उतारा लिहिलेली पावती किती शेतकऱ्यांच्या हातात पडली, तेवढा एक आकडा जाहीर करावा. ही भागीदारी कोणाची होती, ते त्यावरून आपोआप कळेल.